हार्लेमचे बॉल आणि परीक्षकांची खुर्ची

न्यूयॉर्क राज्याने १८४५ साली चेहरा रंगवून वा वेष पालटून सार्वजनिक ठिकाणी वावरणे हा गुन्हा ठरवला, तेव्हा कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर स्त्रीवेष करणारे पुरुष नव्हते. हडसन नदीच्या खोऱ्यातील गोरी कुळे जमीनदारांना खंड देण्याचे नाकारत होती आणि अमेरिकेच्या मूलनिवासींसारखा वेष करून वसुलीला येणाऱ्या अंमलदारांना पळवून लावत होती. त्यांच्या बंदोबस्तासाठी तो कायदा झाला. पुढे शंभराहून अधिक वर्षे न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी तो आपल्या लिंगाला ‘न शोभणारे’ कपडे घालणाऱ्यांविरुद्ध वापरला, आणि ज्यांच्यामुळे तो मुळात झाला त्या कुळांची आठवण मात्र कोणाला राहिली नाही. पोलिसांच्या परवानगीने होणारे मुखवट्यांचे नाच, ज्यांना तेथे ‘मास्करेड बॉल’ म्हणत, या बंदीतून सुटत असल्यामुळे, वर्षाच्या एखाद्या रात्री तरी उघडपणे स्त्रीवेषात मिरवण्याची वाट त्यातून खुली राहिली.

या वाटेचा सर्वांत ठळक उपयोग न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील हॅमिल्टन लॉज या संस्थेच्या वार्षिक बॉलमध्ये झाला. ‘ऑड फेलोज’ ही सभासदांना आजारपणात व मृत्यूनंतर आधार देणारी परस्पर साहाय्याची संघटना होती. तिच्या अमेरिकेतील गोऱ्या शाखांनी कृष्णवर्णीयांना दारे बंद केल्यामुळे त्यांनी थेट इंग्लंडकडून मान्यता मिळवून आपल्या वेगळ्या शाखा उभारल्या होत्या आणि हॅमिल्टन लॉज ही त्यांतलीच एक होती. १८६९पासून चालत आलेला तिचा बॉल १९२०च्या दशकात स्त्रीवेषधारी स्पर्धकांसाठी इतका प्रसिद्ध झाला की हजारो प्रेक्षक तिकीट काढून येऊ लागले. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी १९४०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बिग सी’ या आत्मचरित्रात या सोहळ्यांची नोंद केली आहे. नाचाच्या फरशीवर गोरे आणि काळे एकत्र उतरत, ही त्या काळच्या अमेरिकेत दुर्मीळ गोष्ट होती. तथापि एकत्र नाचण्याने वर्णभेद संपत नाही, आणि वरच्या सज्जात बसून हार्लेमचे ‘दर्शन’ घेणारा गोरा प्रेक्षक हा या प्रथेच्या इतिहासात शेवटपर्यंत भेटत राहतो.

अशा मेळाव्यांची परंपरा हार्लेमच्याही आधीची आहे. मेरीलँडमध्ये गुलामगिरीत जन्मलेले विल्यम डॉर्सी स्वान हे वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांचे असे गुप्त मेळावे भरवत असत आणि त्यांचे सोबती त्यांना ‘क्वीन’, म्हणजे राणी, म्हणून ओळखत. १२ एप्रिल १८८८ रोजी पोलिसांनी त्यांच्या मेळाव्यावर छापा घातला. १८९६मध्ये, बदनाम घर चालवल्याच्या आरोपावरून, त्यांना दहा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्याकडे माफीचा अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. आपल्या लोकांच्या एकत्र येण्याच्या हक्कासाठी सरकारदरबारी झगडणारा हा माणूस समलिंगी चळवळीच्या इतिहासलेखनात शतकभर कोठेच नव्हता, आणि ही अनुपस्थिती निव्वळ कागदपत्रांच्या अभावातून आली असे मानणे कठीण आहे, कारण छाप्यांच्या बातम्या त्या काळच्या वर्तमानपत्रांत छापलेल्या होत्या.

विसाव्या शतकाच्या मध्यावर बॉलची जागा हळूहळू ‘ड्रॅग’ सौंदर्यस्पर्धांनी घेतली. ड्रॅग म्हणजे रंगमंचीय थाटाने, अतिशयोक्तीने केलेला भिन्नलिंगी वेष. आणि या स्पर्धांमध्ये सौंदर्याचा मापदंड हॉलिवूडच्या गोऱ्या नटीचा होता. कृष्णवर्णीय स्पर्धकांनी चेहरा उजळ करून यावे अशी अपेक्षा असे आणि तसे करूनही मुकुट बहुधा दुसऱ्याच्याच डोक्यावर जाई. या व्यवस्थेविरुद्धचा सर्वांत गाजलेला उद्रेक १९६७मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये झाला. फिलाडेल्फियाच्या जॅक डोरोशो यांनी, म्हणजे रंगमंचावरील ‘फ्लॉलेस सॅब्रिना’ यांनी, भरवलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत चित्रकार अँडी वॉरहॉल परीक्षकांमध्ये होते. मुकुट फिलाडेल्फियाच्याच रेचल हार्लो या गोऱ्या स्पर्धकाला मिळाला आणि ‘मिस मॅनहॅटन’ क्रिस्टल लाबेझा यांना चौथ्या क्रमांकावर समाधान मानण्यास सांगितले गेले. क्रिस्टल मंचावरून निघून गेल्या आणि पडद्यामागे कॅमेऱ्यासमोरच निकाल आधी ठरलेला असल्याचा आरोप त्यांनी केला. फ्रँक सायमन यांच्या ‘द क्वीन’ (१९६८) या माहितीपटात हा प्रसंग जसाच्या तसा टिपला गेला. पुष्कळ काळ तो हरलेल्या स्पर्धकाचा थयथयाट म्हणून हसण्यावारी नेला गेला. वस्तुतः समलिंगी व पारलिंगी समाजातील वर्णभेदाची, त्या समाजाच्या स्वतःच्या व्यासपीठावर, नावानिशी केलेली ती तक्रार होती. निकाल खरोखर ठरवलेला होता की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. ज्या मापाने मोजले जाणार ते मापच एका वर्णाचे असेल, तर परीक्षकाला लबाडी करण्याची गरज पडत नाही.

या तक्रारीचे फळ पाच वर्षांनी आले. १९७२मध्ये क्रिस्टल आणि त्यांची मैत्रीण लॉटी यांनी हार्लेममध्ये खास कृष्णवर्णीय ‘क्वीन’साठी बॉल भरवला आणि त्याच्या जाहिरातीत यजमान म्हणून ‘हाउस ऑफ लाबेझा’ हे नाव घातले. ‘हाउस’ हा शब्द पॅरिसच्या फॅशन कंपन्यांवरून उचललेला होता, परंतु पुढच्या दहा वर्षांत त्याला कुटुंबाचा अर्थ आला. प्रत्येक हाउसला एक ‘मदर’ वा ‘फादर’ असे. घरातून हाकललेली मुले त्यांच्या आश्रयाला येत, त्यांचे आडनाव लावत आणि त्या नावासाठी बॉलमध्ये उतरत. मराठी वाचकाला येथे हिजड्यांची घराणी आणि गुरू-चेला परंपरा आठवणे स्वाभाविक आहे, मात्र दोहोंत ऐतिहासिक संबंध काही नाही. रक्ताच्या घराने टाकलेल्यांना दुसरे घर उभारावे लागते, एवढीच त्यांच्यातली सारखी बाब. ड्युप्री, कोरी, पेन्डाव्हिस, निंजा अशी घराणी उभी राहिली, आणि १९८२मध्ये निघालेल्या हाउस ऑफ एक्स्ट्राव्हगान्झाने प्वेर्तो रिकन व इतर लॅटिनो मुलांना कृष्णवर्णीयांच्या या जगात स्वतःची जागा मिळवून दिली.

बॉलमधल्या स्पर्धांचे प्रकार, ज्यांना ‘कॅटेगरी’ म्हणत, नुसत्या स्त्रीवेषापुरते राहिले नाहीत. ‘रिअलनेस’ या प्रकारात स्पर्धकाला कचेरीतला अधिकारी, लष्करी जवान, शाळकरी मुलगा किंवा श्रीमंत वस्तीतील बाई यांच्या इतक्या हुबेहूब थाटात चालून दाखवावे लागे की रस्त्यावर कोणाला शंका येऊ नये. हे कौशल्य करमणुकीचे असले तरी भुयारी रेल्वेतून रात्री सुखरूप घरी पोचण्याशीही त्याचा संबंध होता. ‘व्होगिंग’ हा नृत्यप्रकार ‘व्होग’ या फॅशन मासिकातील छायाचित्रांच्या अंगविक्षेपांवरून घडला; त्याच्या उगमाच्या आख्यायिका अनेक आहेत आणि त्यांतली एक ड्युप्री घराण्याच्या पॅरिस ड्युप्री यांच्याकडे, तर दुसरी रायकर्स बेटावरील तुरुंगाकडे बोट दाखवते. पॅरिसच्या फॅशनची नावे, गोऱ्या मासिकाच्या मुद्रा, ‘निंजा’सारखा जपानी शब्द: बॉलरूम, म्हणजे बॉलभोवती वाढलेली संस्कृती, ही स्वतःच उसनवारीवर उभी राहिलेली कला होती, हे येथे मोकळेपणाने मान्य करायला हवे. म्हणूनच ‘सांस्कृतिक बळकावणी’ या संज्ञेचा अर्थ नीट लावावा लागतो. दुसऱ्याची कला शिकणे वा अनुकरणे म्हणजे बळकावणी नव्हे. दुर्बळ समाजाने घडवलेली वस्तू सबळ गटाने घ्यावी, तिचे नाव, श्रेय आणि उत्पन्न आपल्याकडे ठेवावे आणि घडवणाऱ्यांना दाराबाहेरच राहू द्यावे, या व्यवहाराला ती संज्ञा लागू पडते. व्होग मासिकाची नक्कल केल्याने त्या मासिकाचे काही बिघडले नव्हते.

हा व्यवहार १९८९-९०मध्ये, म्हणजे एड्स ही घराणी पोखरून काढत असतानाच, झपाट्याने घडला. मे १९८९मध्ये मॅनहॅटनच्या रोझलँड सभागृहात फॅशन व्यवसायाने एड्सनिधीसाठी ‘लव्ह बॉल’ भरवला. त्याच वर्षी संगीतकार माल्कम मॅक्लारेन यांच्या गाण्यातून व्होगिंग आणि निंजा घराण्याचे विली निंजा प्रथमच दूरवर पोचले. आणि मार्च १९९०मध्ये पॉप गायिका मॅडोना यांचे ‘व्होग’ हे गाणे येऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. मॅडोना यांनी एक्स्ट्राव्हगान्झा घराण्यातील होसे गुतिएरेस आणि लुईस कामाचो यांना नृत्यासाठी घेतले, त्यांना जगभर नेले, हे नाकारून चालणार नाही. परंतु गाण्यात गौरवासाठी घेतलेल्या सोळा तारे-तारकांमध्ये एकही कृष्णवर्णीय नाही आणि हार्लेमचा उल्लेखही नाही, हेही तितकेच खरे. नाच ज्यांनी घडवला त्यांच्या अंगावरून कॅमेरा फिरला, गाण्याच्या शब्दांत मात्र त्यांना जागा मिळाली नाही.

मॅडोना समलिंगी समाजाच्या बाहेरच्या, निदान पाहुण्या, म्हणता येतील. ‘पॅरिस इज बर्निंग’ या माहितीपटाने हा प्रश्न समाजाच्या आत आणला. जेनी लिव्हिंगस्टन हे येल विद्यापीठात शिकलेले, गोरे, स्वतः क्विअर, म्हणजे रूढ लिंगभाव व लैंगिकतेच्या चौकटीबाहेरचे, दिग्दर्शक. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी हार्लेमचे बॉल चित्रित केले. चित्रपटाचे नावही पॅरिस ड्युप्री यांच्या बॉलच्या नावावरून घेतले. १९९१मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि चित्रपटगृहांत त्याने सुमारे ४० लाख डॉलर कमावले. त्यातील व्हीनस एक्स्ट्राव्हगान्झा या तरुण पारलिंगी स्त्रीचा चित्रपट पूर्ण होण्याआधीच, डिसेंबर १९८८मध्ये, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात खून झाला होता.

कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांनी या चित्रपटावर कठोर टीका केली. गोऱ्या, सत्ताधारी वर्गाच्या स्त्रीत्वाची पूजा हा चित्रपट दाखवतो, पण तिची चिकित्सा करत नाही. आणि दिग्दर्शक स्वतः पडद्याआड राहून आपल्या गोरेपणाचा हिशेब देण्याचे टाळतो, असा त्या टीकेचा गाभा होता. तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांनी १९९३मध्ये यातील काही मान्य करून, नक्कल कधी कधी सत्तेला आतून उघडेही पाडते, असे उत्तर दिले. विद्यापीठांत हा वाद आजही शिकवला जातो. ज्यांच्याविषयी तो होता त्यांची तक्रार मात्र अधिक साधी होती. चित्रपट त्यांच्यापैकी अनेकांना आवडला होता, बोच होती ती पैशांची. पॅरिस ड्युप्री यांनी ४ कोटी डॉलरची मागणी केली. पण बहुतेकांनी चित्रीकरणाच्या वेळी संमतिपत्रांवर सह्या केलेल्या असल्यामुळे दावे टिकले नाहीत. अखेरीस सुमारे ५५ हजार डॉलरची रक्कम १३ जणांमध्ये, पडद्यावर दिसण्याच्या वेळेच्या प्रमाणात, वाटण्यात आली. माहितीपटातील व्यक्तींना मोबदला देण्याचा रिवाज नाही, हे दिग्दर्शकांचे म्हणणे त्या व्यवसायाच्या नियमात बसणारे होते. तो नियम कोणी, कोणाच्या सोयीसाठी केला, हा १९६७च्या परीक्षकांना विचारण्यासारखाच प्रश्न होता, आणि कायद्याने त्याची दखल घेतली नाही.

उत्तरदायित्व, म्हणजे ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याने ज्याचे झाले त्याला जबाब देणे आणि वागणूक बदलणे, या इतिहासात दाव्यांपेक्षा दबावातून आले. २०१५मध्ये ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये या चित्रपटाचा खुला खेळ जाहीर झाला आणि पाहुण्यांच्या यादीत बॉलरूममधील कोणीच नसल्याचे दिसताच कृष्णवर्णीय व पारलिंगी कार्यकर्त्यांनी निषेध केला. संयोजकांना माफी मागून कार्यक्रम बदलावा लागला. २०१८मध्ये आलेल्या ‘पोझ’ या मालिकेने त्याहून पुढचे पाऊल टाकले: तिची मूळ कल्पना स्टीव्हन कनाल्स या ब्राँक्समध्ये वाढलेल्या आफ्रो-लॅटिनो लेखकाची होती, लेखन-दिग्दर्शनात जॅनेट मॉक या कृष्णवर्णीय पारलिंगी लेखिका होत्या, पारलिंगी पात्रांच्या प्रमुख भूमिका पारलिंगी कलावंतांनीच केल्या आणि लिव्हिंगस्टन यांनीही तिचा एक भाग दिग्दर्शित केला. मालिका भडक आणि काही ठिकाणी गोडगोड होती, हा भाग वेगळा.

फिलाडेल्फियाचे उदाहरण बॉलच्या प्रथेच्या बाहेरचे असले तरी त्याच हिशेबातले आहे. तेथील समलिंगी वस्तीतील एका बारमालकाची वर्णद्वेषी शिवी ध्वनिचित्रफितीतून २०१६मध्ये बाहेर पडली, शहराच्या मानवी संबंध आयोगाने जाहीर सुनावणी घेतली आणि २०१७च्या आरंभी वस्तीतील अकरा बारच्या मालकांना व नोकरांना भेदभावविरोधी कायद्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. त्याच वर्षी जूनमध्ये शहराने इंद्रधनुषी ध्वजाला काळा आणि तपकिरी असे दोन पट्टे जोडले, तेव्हा ध्वजाच्या रंगांचा कातडीच्या रंगाशी संबंध नाही, असे म्हणत अनेक गोऱ्या समलिंगी पुरुषांनी आक्षेप घेतला. जगभर गाजला तो ध्वज आणि त्यावरचा वाद. आयोगाचा आदेश फारशा कोणाच्या लक्षात राहिला नाही, आणि या दोहोंत खरे काम आदेशाचेच होते.