तारापूर : शक्यता आणि वेग

उष्मागतिकी सांगते, एखादा बदल घडू शकेल का. रासायनिक गतिकी सांगते, किती वेगाने. पाठ्यपुस्तकातली ही लगतची दोन प्रकरणे तारापूरच्या इतिहासातही शेजारीच उभी आहेत. १९६९ साली तेथील अणुवीज केंद्र सुरू झाले. अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश उष्णतेची वीज होते, उरलेली समुद्राच्या पाण्याला द्यावी लागते. उष्मागतिकीचे हे देणे कोणालाच चुकत नाही. पोलादाचे क्षरणही तिनेच ठरवलेले. मुदत मात्र गतिकीच्या हाती. ताण, तप्त पाणी आणि त्यातला प्राणवायू यांनी नळांच्या जोडांलगत सूक्ष्म तडे पाडायला दशके घेतली. २०२० साली पहिल्या दोन्ही अणुभट्ट्या दीर्घ दुरुस्तीसाठी थांबल्या. अभियंत्याला शक्यता पुसता येत नाही. वेग तेवढा रोखता येतो.