बर्कसन, कार्मेल

(जन्म १९२४). मूळच्या अमेरिकन शिल्पकार, छायाचित्रकार आणि भारतीय शिल्पाच्या अभ्यासक. ‘द केव्ह्ज ॲट औरंगाबाद : अर्ली बुद्धिस्ट तांत्रिक आर्ट इन इंडिया’ (१९८६) या ग्रंथामुळे छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) कलेतिहासाशी त्यांचे नाव जोडले गेले. १९७० नंतरच्या दशकात भारतात येऊन त्या मुंबईत स्थिरावल्या. भारतातली लेणी पाहिल्यावर त्यांनी स्वतःचे शिल्पकाम अनेक वर्षे बाजूला ठेवले आणि कॅमेरा व लेखणी हाती घेतली.

बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत : क्र. १ ते ५ पश्चिमेला, क्र. ६ ते ९ पूर्वेला. बर्कसन यांच्या विषयाचा गाभा क्र. ७ मध्ये सापडतो. सहाव्या-सातव्या शतकातल्या या लेण्यात स्त्रीमूर्ती कोपऱ्यात उभ्या नाहीत, त्यांनीच जागा व्यापली आहे. गर्भगृहाच्या दाराशी परिवारासह उभ्या असलेल्या देवी सहसा तारा म्हणून ओळखल्या जातात. बाहेर अष्टमहाभयांतून भक्तांना सोडवणारा अवलोकितेश्वर आहे, तर आत, प्रत्यक्ष बुद्धाच्या सान्निध्यात, एक नर्तकी आणि तिला साथ करणाऱ्या वादक स्त्रिया. बुद्धाच्या गाभाऱ्यात नृत्य कशासाठी? इथूनच तंत्राची चर्चा सुरू होते.

या चर्चेत एकमत नाही. कलेतिहासकार जॉन हंटिंग्टन यांनी १९८१ मध्ये क्र. ६ वर लिहिताना ‘तंत्रयान’ या शब्दापुढे शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवले होते. बर्कसन यांच्या शीर्षकात ते नाही, आणि उपलब्ध पुराव्याच्या मानाने हा ठामपणा जास्तच आहे. तरीही त्यांचे पुस्तक टिकते ते त्यातल्या नजरेमुळे. मूर्तीचे नाव काय, यापेक्षा तिचा तोल कुठे आहे, कंबरेचा बाक शेजारच्या आकृतीशी कसा बोलतो, दगड किती खोल कापला आहे, हे हाताने शिल्प घडवलेल्या बाईला आधी दिसते. गूढ अर्थ पोथीतून आणून मूर्तीवर चिकटवण्याऐवजी तो घडणीतून शोधायचा, ही त्यांची पद्धत ‘एलोरा : कन्सेप्ट अँड स्टाइल’ (१९९२) या ग्रंथातही दिसते.

पाश्चात्त्य कलेतिहासात स्त्री-कलावंत आणि गूढविद्या म्हटले की स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट (१८६२–१९४४) आठवतात. थिऑसफीच्या प्रभावाखालील त्या चित्रकर्तीने १९०६ ते १९१५ या काळात मंदिरासाठी म्हणून १९३ चित्रांची मालिका केली. जवळजवळ त्याच काळात, १९०९ ते १९११ मध्ये, ब्रिटिश चित्रकर्ती क्रिस्टियाना हेरिंगहॅम अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होत्या. बर्कसन यांचे नाते हेरिंगहॅमशी अधिक जवळचे आहे. दोघींनी स्वतःचे कौशल्य अनाम कारागिरांच्या कामी लावले.

पुढे जेरी मलांड्रा (१९९३) यांनी वेरूळच्या बौद्ध लेण्यांचा मंडल म्हणून अभ्यास केला. पिया ब्रांकाच्चो (२०११) यांनी औरंगाबाद लेण्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. बर्कसन या शतकाच्या आरंभी पुन्हा शिल्पाकडे वळल्या. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वेरूळ-अजिंठा करून परतणाऱ्यांनी शहरातल्या लेणे क्र. ७ साठी एक सकाळ राखून ठेवावी, आणि वेरूळला क्र. १२ च्या सर्वांत वरच्या मजल्यापर्यंत चढून तिथे ओळीने बसलेल्या बारा देवी पाहाव्यात.