काळ्या गिरणीतली जादू

लहानपणी मला पिठाच्या गिरणीची भीती वाटायची. अम्मी दळणाचा डबा देऊन पाठवी आणि मी रांगेत उभा राही. पट्ट्याचा खडखडाट चाललेला आणि गिरणीवाले चाचा भुवयांपर्यंत पांढरे झालेले. ते हसून बोलत, तरी मनात येई, हा माणूस रात्री काय दळत असेल? पन्नाशी ओलांडल्यावर एका जर्मन कादंबरीने ती भीती पुन्हा जागी केली. आज तिच्याविषयीच बोलणार आहे.

कादंबरीचे नाव 'क्राबात'. लेखक ओटफ्रीड प्रॉयस्लर. ती १९७१ साली प्रसिद्ध झाली. मी वाचली ती अँथिया बेल यांच्या इंग्रजी अनुवादातून.

गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीची. जर्मनीच्या पूर्वेला लाउझिट्स नावाचा प्रदेश आहे. तिथे सॉर्ब हे स्लाव लोक राहतात आणि आपली वेगळी भाषा अजून जपून आहेत. त्यांच्या लोककथांत क्राबात नावाचा जादूगार आहे. क्राबात म्हणजे क्रोएशियाचा माणूस. सॅक्सनीच्या सैन्यात योहान शाडोविट्झ नावाचा एक क्रोएशियन अधिकारी होता. तो १७०४ मध्ये वारला. परमुलखातून आलेल्या या माणसाभोवती लोकांनी जादूच्या कथा विणल्या.

प्रॉयस्लरांनी मात्र क्राबातला चौदा वर्षांचा अनाथ पोर केले. सॅक्सनी आणि स्वीडनचे युद्ध चालू आहे. दारोदार भीक मागत फिरणाऱ्या या पोराला स्वप्नात डोमकावळे हाक मारतात आणि तो एका काळ्या गिरणीत जाऊन पोहोचतो. तिथे पोटभर जेवण आहे, निजायला जागा आहे. दर शुक्रवारी रात्री बाराही पोरे डोमकावळे होऊन दांडीवर बसतात आणि मालक त्यांना जादूचा धडा वाचून दाखवतो. जादूने कष्ट हलके होतात. बाहेरच्यांची फजिती करता येते. उपाशी पोराला आणखी काय हवे?

पण नवे वर्ष उजाडायच्या आत दरवर्षी एक पोर मरते. मालकाने सैतानाशी करार केला आहे. वर्षाला एक जीव द्यायचा आणि आपला वाचवायचा. पहिल्या वर्षी क्राबातला धाकट्या भावासारखे जपणारा टोंडा जातो, दुसऱ्या वर्षी मिखाल. हाच मालक राजदरबारी जाऊन युद्ध चालूच ठेवण्याचा सल्लाही देतो. तेव्हा कळते, गिरणी एकच नाही. बाहेरही एक मोठी गिरणी चालू आहे आणि तिच्यातही पोरेच दळली जात आहेत.

हे लेखकाला कुठून सुचले? प्रॉयस्लर यांचा जन्म १९२३ मध्ये बोहेमियात झाला. शाळा संपताच, १९४२ मध्ये, त्यांना हिटलरच्या सैन्यात जावे लागले. १९४४ मध्ये ते रशियनांच्या हाती सापडले आणि पाच वर्षे युद्धकैदी होते. १९४९ मध्ये सुटल्यावर बव्हेरियात शाळामास्तर झाले. ही कादंबरी त्यांनी दहा वर्षे अडखळत लिहिली. ही माझ्या पिढीची कहाणी आहे, असे ते सांगत. २०१३ मध्ये ते वारले. त्यानंतर, २०१५ मध्ये, एका जुन्या गोष्टीचा गाजावाजा झाला. कोवळ्या वयात त्यांनी हिटलरच्या युवक संघटनेचे गुणगान करणारी एक कादंबरी लिहिली होती.

हे कळल्यावर मला क्राबात पुन्हा वाचावी लागली. पुस्तक नजरेतून उतरेल असे वाटले होते, पण झाले उलटेच. पहिल्या वाचनात मी मालकावर चिडलो होतो. दुसऱ्या वाचनात दिसले की लेखक क्राबातला निष्पाप ठरवत नाही. पोराला जादू आवडते. डोमकावळा होऊन उडताना त्याला आनंद होतो. लबाडी करताना मजा वाटते. गिरणीत कुणी त्याला साखळीने बांधलेले नाही, भाकरीने आणि बळाच्या चवीने बांधले आहे. स्वतः त्या दांडीवर बसल्यावाचून हे लिहिता येणार नाही.

शेवटी मालक क्राबातला आपली गादी देऊ करतो. क्राबात नकार देतो. मग त्याच्यावर प्रेम करणारी गावातली मुलगी त्याला सोडवायला येते. डोळे बांधून तिला बारा पोरांतून तो ओळखायचा आहे. चुकली तर दोघेही मरणार. ती एकेकासमोरून जाते आणि नेमकी त्याच्याशी थांबते. कसे ओळखले? बाकीचे आपापल्या जिवाला भीत होते, तो एकटा तिच्यासाठी घाबरला होता.

गिरणी जळून जाते, पोरे सुटतात आणि त्यांची जादूही जाते. आता पोटासाठी साधे कष्टच करायचे.

चाचांच्या गिरणीतून परतताना डोक्यावरचा डबा गरम लागायचा. ते पीठ आमच्याच घरच्या जोंधळ्याचे असे आणि चाचांनी दळणाचे पैसेच घेतलेले असत. दुसरी कुठली किंमत त्यांनी कधी मागितली नाही. एवढे समजायला मला एक जर्मन पुस्तक दोनदा वाचावे लागले.