कैलाहुनचा दुसरा वेढा



सिएरा लिओन म्हटलं की आम्हा फौजी लोकांना एकच नाव आठवतं, ऑपरेशन खुकरी. मे 2000 मध्ये आपल्या 5/8 गोरखा रायफल्सच्या दोन कंपन्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत कैलाहुन नावाच्या गावी होत्या. बंडखोरांनी त्यांना घेरलं. वेढा सुमारे 75 दिवस चालला. जुलैच्या मध्यात, पाऊस कोसळत असताना, हेलिकॉप्टरं आणि दारूहून निघालेली कुमक यांच्या जोरावर तो फोडला. दारू हे तिथल्या गावाचं नाव आहे, हसू नका. आपल्या बटालियनचं मुख्यालय तिथे होतं.

मी त्या मोहिमेवर नव्हतो, पण माझ्या ओळखीचे काही जण शांतिसेनेत जाऊन आले होते. लढाईच्या गोष्टी त्यांनी पुष्कळ सांगितल्या. माझ्या लक्षात राहिली ती मात्र वेगळीच. एक जण म्हणाला, "सर, सकाळी आमच्या मेडिकल तंबूसमोर गावातल्या बायका पोरांना घेऊन बसायच्या. सगळी पोरं तापलेली. गावात दवाखान्याची इमारत होती, आत काही नव्हतं."

चौदा वर्षांनी, 2014 च्या उन्हाळ्यात, कैलाहुन हे नाव पुन्हा वर्तमानपत्रात दिसलं. या वेळी बातमी इबोलाची होती. त्या पोरांच्या तापाची गोष्ट आठवली आणि मी या देशाच्या आरोग्याचा इतिहास वाचायला घेतला. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात आपल्याकडूनच होते. रोनाल्ड रॉस अल्मोड्यात जन्मलेला, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादेत त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला, हे आपण शाळेत शिकतो. पुढचं शिकवत नाहीत. दोन वर्षांनी, 1899 मध्ये, लिव्हरपूलच्या नव्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतर्फे तो सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउनला गेला. त्या किनाऱ्याला इंग्रज 'गोऱ्यांची कबर' म्हणत. तिथे मलेरिया पसरवणारा डास ॲनोफिलीस जातीचा आहे हे त्याने दाखवलं. त्याचा उपाय साधा होता: डबकी बुजवा, गटारं काढा, शहर कोरडं करा. म्हणजे काळा असो वा गोरा, सगळ्यांचाच ताप कमी होईल.

सरकारला दुसरा सल्ला जास्त आवडला. स्थानिक मुलांच्या रक्तात परजीवी असतात, तेव्हा गोऱ्यांनी त्यांच्यापासून लांब राहावं. 1904 मध्ये शहराबाहेरच्या टेकडीवर युरोपियनांसाठी 'हिल स्टेशन' वसवलं आणि वर जायला खास रेल्वे घातली. आफ्रिकी माणसाने तिथे घर करायचं नाही. छावणी एकीकडे आणि 'नेटिव्ह' बाजार दुसरीकडे, ही रचना आपल्याला नवीन नाही. मी निम्मी नोकरी तसल्याच कॅन्टोन्मेंटमध्ये काढली आहे. त्याच सुमाराला, 1902 मध्ये, पश्चिम आफ्रिकेच्या सरकारी वैद्यकीय सेवेचा नियम झाला की डॉक्टर युरोपीय वंशाचाच हवा. फ्रीटाउनमध्ये ब्रिटनहून शिकून आलेले आफ्रिकी डॉक्टर होते. ते बाहेर राहिले. त्या डासाने पुढची शंभर वर्षं खालच्या वस्तीतली पोरं नेली.

आता थेट 1970 च्या दशकात येतो, कारण खरी गोष्ट तिथे सुरू होते. 1969 मध्ये नायजेरियातल्या लासा गावावरून एका नव्या तापाला लासा हे नाव मिळालं. 1972 मध्ये सिएरा लिओनच्या पूर्व भागात पांगुमा इथल्या इस्पितळात त्याची साथ आली. अमेरिकी संशोधकांनी शोध घेतला तेव्हा कळलं की विषाणू एका घरउंदराकडून येतो. तो घरात वावरतो, धान्यात मुततो, आणि काही भागांत लोक तो खातातही. 1976 पासून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने केनेमा या शहराभोवती कायमचं संशोधन सुरू केलं. 1986 मध्ये तिथला मोठा निष्कर्ष छापून आला. ज्यांची प्रकृती गंभीर होण्याची चिन्हं होती, अशा उपचार न मिळालेल्या रुग्णांत 55 टक्के मृत्यू होत होते. ताप आल्यापासून सहा दिवसांच्या आत रिबाव्हिरिन शिरेतून दिलं तर ते प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. या आकड्यांवर अलीकडे तज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत, पण हाताशी दुसरं काहीच नसताना हे औषध फार मोठा आधार होता.

मार्च 1991 मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, तेही कैलाहुन जिल्ह्यातूनच. परदेशी संशोधक निघून गेले. त्यांना दोष देत नाही. युद्धभूमीत बिनहत्यारी माणसाने थांबावं असं मी कुणाला सांगणार नाही. पण एक माणूस थांबला, डॉ. अनिरू कॉन्टेह. केनेमाच्या सरकारी इस्पितळात त्यांनी लासाचा वॉर्ड चालू ठेवला. आम्हा लोकांत चौकी सोडली नाही तर पदक मिळतं. इथे मार्च 2004 मध्ये, युद्ध संपल्यावर, लासाच्या रुग्णाचं रक्त काढताना त्यांना सुई टोचली. एप्रिलमध्ये ते त्याच वॉर्डात, त्याच तापाने गेले.

त्यांच्या जागी यायला माणूस सापडणं सोपं नव्हतं. आला तो तिशीतला तरुण डॉक्टर, शेख हुमार खान. परदेशी विद्यापीठांच्या मदतीने प्रयोगशाळा पुन्हा उभी राहिली. त्यामुळेच शेजारच्या गिनीत इबोला पसरल्याचं मार्च 2014 मध्ये जाहीर झालं, तेव्हा तो ओळखण्याची सोय या देशात केनेमालाच होती. 25 मे ला पहिला रुग्ण पक्का झाला. माग काढत गेल्यावर सगळे धागे कैलाहुन जिल्ह्यातल्या एका वैदू बाईच्या अंत्यसंस्काराकडे गेले. तिला अंघोळ घालणाऱ्या, निरोप द्यायला आलेल्या बायका आपापल्या गावी परतल्या होत्या.

इथे मला फौजी हिशेब आठवतो. रसद किती, माणसं किती? साठ लाखांच्या देशात लाखामागे जेमतेम दोन डॉक्टर. लासाचा वॉर्ड होता थोडक्या खाटांचा, आणि रुग्ण लोंढ्याने येऊ लागले. परिचारिका एकेक करून आजारी पडल्या. वॉर्डच्या ज्येष्ठ परिचारिका म्बालू फॉनी जुलैत गेल्या. अंगभर घालायचे पोशाख पुरत नव्हते, जोखीम भत्ता वेळेवर मिळत नव्हता. ऑगस्टअखेरीस तिथल्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं, तेव्हा बाहेरच्यांना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही. दारूगोळा न देता जवानाला मोर्च्यावर किती दिवस ठेवाल?

जुलैत खान स्वतः आजारी पडले. त्यांना कैलाहुनच्या उपचार केंद्रात नेलं. त्या केंद्रात झेडमॅप या प्रयोगाधीन औषधाचा साठा होता. माणसावर ते कधी वापरलं नव्हतं. उपचार करणाऱ्यांनी बराच खल केला आणि न देण्याचं ठरवलं. ते सोसलं नाही आणि खान गेले, तर लोक म्हणतील गोऱ्यांनी आमच्या डॉक्टरवर प्रयोग केला, ही भीतीही त्यात होती. 29 जुलैला खान वारले. वय 39. तेच औषध पुढे लायबेरियात आजारी पडलेल्या दोन अमेरिकनांना दिलं गेलं. दोघं वाचले, औषधामुळेच का, हे सांगता येत नाही. रात्री, दडपणाखाली घेतलेल्या निर्णयाला आरामखुर्चीतून नावं ठेवणं मला जमत नाही. पण एक खटकतं. खान त्या विषयातले देशातले सर्वांत जाणते डॉक्टर होते, आणि औषध हवं का, हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

त्यानंतर महिन्याभराने, 28 ऑगस्टला, 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख आला. सिएरा लिओनच्या 78 रुग्णांमधून मिळालेल्या विषाणूंच्या 99 जनुकीय नकाशांचा अभ्यास त्यात होता. साथ माणसाकडून माणसाकडे जाते आहे, प्राण्यांकडून पुन्हा पुन्हा येत नाही, हे त्याने पक्कं केलं. उपाय ठरवायला याचा थेट उपयोग होता. लेखाच्या लेखकांपैकी पाच जण तो छापून येईपर्यंत इबोलाने गेलेले होते. त्यांत खान होते, म्बालू फॉनीही होत्या.

7 नोव्हेंबर 2015 ला देश इबोलामुक्त जाहीर झाला, तोवर 14,000 हून अधिक रुग्ण आणि जवळपास 4,000 मृत्यू नोंदले गेले होते. त्यांत आरोग्य कर्मचारी दोनशेहून जास्त. एप्रिल 2024 मध्ये सिएरा लिओनमध्ये लहान मुलांना मलेरियाची लस द्यायला सुरुवात झाली. रॉस फ्रीटाउनला उतरला त्याला तेव्हा सव्वाशे वर्षं होत आली होती.

डॉ. खान यांना केनेमाच्या इस्पितळाच्या आवारातच पुरलं आहे. लासाचा वॉर्ड आजही चालू आहे, आणि पावसाळा संपून कोरडे दिवस आले की तिथे तापाचे रुग्ण वाढू लागतात.