शेत हवं, पण सून नको?



गोव्यातली आपली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती शेजारात वाढली. नाताळ-चवथीच्या फराळाची देवाणघेवाण आपण नेहमी आठवतो. आज त्यांच्या धर्मग्रंथातल्या एका सुनेबद्दल लिहितो.

बँकेत कर्जाच्या टेबलावर असताना बाहेरून बदलून आलेले साहेब एका गोष्टीने चक्रावायचे. वडील गेल्यावर घर गहाण ठेवायचं तर मुलांबरोबर सुनांची आणि मुलींबरोबर जावयांचीही सही! १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७० पासून लागू झाला. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. १९६१ च्या मुक्तीनंतरही ही पद्धत टिकली. म्हणजे सून-जावई कागदावर घरचेच. पण "परक्याची सही कशाला?" हा प्रश्न मी हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे.

बायबलात रूथची छोटीशी कथा आहे. बेथलेहेमची नामी दुष्काळात मवाब देशी गेली. तिथे नवरा वारला, दोन्ही मुलगे वारले. परत निघताना तिने दोन्ही सुनांना माहेरी जायला सांगितलं. एक रडत परतली. रूथ मात्र सासूबरोबर परक्या गावी आली आणि कापणीमागे पडलेली कणसं वेचून तिने दोघींचं पोट भरलं.

पुढचा भाग बँकवाल्याच्या जास्त जवळचा. नामीच्या नवऱ्याचं शेत सोडवून घ्यायचा पहिला हक्क एका जवळच्या नातलगाचा होता. तो लगेच तयार झाला. पण शेताबरोबर विधवा रूथचीही जबाबदारी येते हे कळताच, आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून मागे सरला. मग बवाजने गावच्या वेशीत, दहा वडीलधाऱ्यांसमोर, शेत आणि रूथ दोन्ही स्वीकारली. तिच्या मुलाला नामीने मांडीवर घेतलं तेव्हा गावच्या बायका म्हणाल्या की ही सून सात मुलग्यांहून मोलाची. दावीद राजा तिचाच पणतू.

जावयाचंही उदाहरण आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा. सासरे इथ्रो भेटायला आले, त्यांनी ते पाहिलं आणि काम वाटून द्यायचा सल्ला दिला. जावयाने मुकाट्याने मानला. सासऱ्यांनी सांगितलं, पण कारभार हातात घेतला नाही. चार दिवस राहून आपल्या गावी परत गेले.

कायदा सुनेला निम्मा वाटा देतो, पण तिला विचारून निर्णय घ्यायला लावत नाही. ते घरच्यांनीच करायचं असतं. आपल्याकडे नवरा गेल्यावरही सासूला सांभाळणाऱ्या सुना कमी नाहीत. वाटणीच्या वेळी मात्र त्यांना स्वयंपाकघरात बसवतात. पुढच्या वेळी कागद काढाल तेव्हा तिला आधी शेजारी बसवा, मजकूर वाचून दाखवा, मग सही मागा.

तुमच्या घराण्यातल्या अशा सुना-जावयांच्या आठवणी खाली जरूर लिहा.