यंत्रांची शीळ

टेलिफोनची तार घातली माणसांच्या बोलण्यासाठी. तिच्यावरून संगणकांनी बोलायचे, तर त्यांनाही कंठ हवा. अमेरिकेत १९६२ साली ‘बेल १०३’ हा मोडेम आला आणि त्याने संगणकाला शीळ घालायला शिकविले. फोन करणाऱ्याने ‘एक’साठी सेकंदाला १२७० कंपनांची शीळ घालायची, ‘शून्या’साठी १०७० ची, पलीकडच्याने २२२५ आणि २०२५ ची. सेकंदाला ३०० खुणा, बस्स!

१९९० नंतरच्या दशकात शीळ घालण्याचे व ओळखण्याचे हे काम पेटीतून निघून संगणकाच्या प्रोसेसरकडे, म्हणजे निव्वळ प्रोग्रॅमकडे गेले. मोडेम स्वस्त झाले. पण बऱ्याच कारखानदारांनी तो प्रोग्रॅम कुलपात ठेवला आणि विंडोजपुरताच दिला. लिनक्सवाल्यांच्या हाती मुका पत्रा! पुस्तक विकायचे आणि वाचू द्यायचे नाही, हा कुठला न्याय?

‘मिनीमोडेम’ हा प्रोग्रॅम मात्र खुला. कोणीही उघडून वाचावा. सेकंदाच्या तीनशेव्या भागात कोणती शीळ जोरात आहे, एवढेच तो पाहतो. शाळेत आम्ही तो दोन संगणकांवर चढविला. तार नाहीच, एकाचा कर्णा, दुसऱ्याचा मायक्रोफोन. ‘दिवाळी’चे १८ बाइट, आरंभ-अखेरीच्या खुणा धरून १८० बिट, म्हणजे अवघे ०.६ सेकंद. शब्द स्वच्छ उमटला. दुसऱ्या खेपेस बाहेर कुणी लवंगी लावली आणि ‘वा’च्या जागी भलतेच चिन्ह आले. पोरे ओरडली, “गुरुजी, पुन्हा!”