स्वस्त मोटारींचा परदेश-प्रवास



परदेशांत तयार झालेली स्वस्त मोटार नव्या बाजारपेठेंत नेऊन विकणें हा व्यापार दिसावयास मोठा सोपा आहे. जेथें मजुरी कमी तेथें गाडी बनवावी, जेथें लोकांच्या हातीं पैसा खेळतो तेथें ती बोटीनें न्यावी आणि तेथल्या गाडीपेक्षां कमी दरानें विकावी. कारखानदार, व्यापारी व गिऱ्हाईक या तिघांचेंहि त्यांत हित साधेल, असा हिशेब कागदावर मांडणाऱ्यांची उणीव कधींच पडली नाहीं. परंतु हा हिशेब कोठें साधला आणि कोठें फसला हें पाहावयाचें असेल, तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेचा इतिहास चाळावा लागतो. मोटारींची सर्वांत मोठी बाजारपेठ त्या काळीं तीच होती, आणि नशीब काढूं पाहणारा जवळजवळ प्रत्येक परदेशी कारखानदार केव्हांना केव्हां तिच्या दाराशीं जाऊन उभा राहिला.

पहिलें उदाहरण फोक्सवॅगनचें. १९४९ च्या जानेवारींत बेन पॉन नांवाचे एक डच व्यापारी ती कासवाच्या पाठीसारखी गोलाकार जर्मन गाडी घेऊन न्यूयॉर्कला उतरले. युद्ध संपून पुरतीं चार वर्षेंहि झालीं नव्हतीं. हिटलरच्या आश्रयानें जन्माला आलेल्या त्या गाडीला हात लावावयास तेथील विक्रेते तयार होईनात. हॉटेलाचें बिल भागविण्यासाठीं पॉन यांना अखेर ती गाडीच विकावी लागली असें सांगतात. त्या सबंध वर्षांत अमेरिकेंत या जातीच्या गाड्या खपल्या अवघ्या दोन! आणि पुढें १९६८ सालीं त्याच देशांत एका वर्षांत पांच लाखांहून अधिक फोक्सवॅगन गाड्या विकल्या गेल्या.

हें परिवर्तन केवळ कमी किंमतीनें झालें नाहीं. १९४८ पासून त्या कारखान्याची सूत्रें हाइन्झ नॉर्डहॉफ यांच्या हातीं होतीं. त्यांचें धोरण असें कीं, ज्या गांवीं आपल्या गाडीचे सुटे भाग नाहींत आणि ती दुरुस्त करूं शकणारे शिकविलेले कारागीर नाहींत, त्या गांवीं गाडी विकावयाचीच नाहीं. दुरुस्तीची सोय आधीं, विक्री मागाहून. १९५५ च्या सुमारास ही गाडी दीड हजार डॉलरांना मिळे. पण ती बंद पडली तर लवकरच पुन्हां चालूं होईल ही खात्रीहि गिऱ्हाइकाला त्याच किंमतींत मिळे.

ही खात्री नसेल तर काय होतें, हें फ्रान्सच्या रेनॉल्ट कंपनीनें दाखवून दिलें. तिची ‘दोफीन’ ही नाजूक व देखणी गाडी १९५७ पासून अमेरिकेंत येऊं लागली आणि पाहतां पाहतां फोक्सवॅगनच्या पाठोपाठ जाऊन बसली. १९५९ सालीं रेनॉल्टच्या नव्वद हजारांहून अधिक गाड्या तेथें खपल्या. परंतु विक्रीच्या वेगानें दुरुस्तीची व्यवस्था वाढली नव्हती. गाड्यांना गंज चढे, आणि सुटे भाग वेळेवर मिळत नसत. इतक्यांत अमेरिकन कारखान्यांनीं स्वतःच्या लहान गाड्या बाजारांत आणल्या. वर्षभरांत मागणी कोसळली आणि न विकलेल्या फ्रेंच गाड्या बंदरांवर पडून राहिल्या. विक्रीचा आंकडा चढत असतांनाच पाया खचूं शकतो, हा धडा तेव्हांच मिळाला होता. पण व्यापारांत दुसऱ्याचा धडा फारसा कोणी शिकत नाहीं.

आतां आपण या इतिहासांतील सर्वांत बोलक्या प्रकरणाकडे वळूं. १९८१ पासून अमेरिकेच्या दडपणामुळें जपाननें आपल्या मोटारींच्या निर्यातीवर आपण होऊन मर्यादा घालून घेतली. वर्षाला १६,८०,००० गाड्यांहून अधिक पाठवावयाच्या नाहींत असें ठरलें. गाड्यांची संख्या बांधली गेली, तेव्हां जपानी कारखानदारांनीं प्रत्येक गाडीमागें अधिक नफा मिळावा म्हणून मोठ्या व महाग गाड्या पाठविण्यास आरंभ केला. त्यामुळें बाजाराचा तळ मोकळा पडला. ज्याची ऐपत थोडी, अशा गिऱ्हाइकासाठीं नवी गाडी उरलीच नाहीं म्हटलें तरी चालेल.

ही मोकळी जागा माल्कम ब्रिकलिन या अमेरिकन व्यापाऱ्याच्या नजरेंत भरली. १९६८ सालीं जपानची ‘सुबारू ३६०’ ही इवलीशी गाडी १,२९७ डॉलरांना अमेरिकेंत आणणारे ते हेच. ती गाडी वजनानें इतकी हलकी होती कीं, सुरक्षिततेचे सरकारी नियम तिला लागूच पडत नव्हते. आणि गिऱ्हाइकांच्या हितासाठीं चालणाऱ्या एका प्रसिद्ध मासिकानें तिला ‘अग्राह्य’ ठरविलें होतें. तथापि स्वस्ताईची ओढ केवढी असते हें ब्रिकलिन यांना पक्कें ठाऊक झालें होतें. या वेळीं त्यांची दृष्टि गेली युगोस्लाव्हियाकडे.

त्या देशांतील क्रागुयेवात्स या शहरांत १८५३ सालापासून तोफा ओतण्याचा कारखाना होता. त्यांतूनच पुढें ‘झास्तावा’ हा मोटारींचा कारखाना निघाला आणि १९५४ पासून इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें तेथें गाड्या बनूं लागल्या. ‘यूगो’ ही त्याच फियाट घराण्यांतील लहान गाडी. मार्शल टिटो १९८० सालीं वारले होते. देशावर परदेशी कर्जाचा डोंगर होता आणि सरकारला डॉलर हवे होते. ब्रिकलिन यांना स्वस्त गाडी हवी होती. दोघांच्या गरजा जुळल्या. अमेरिकेच्या नियमांत बसविण्यासाठीं गाडींत शेकडों बदल करण्यांत आले, आणि १९८५ च्या ऑगस्टांत यूगो ३,९९० डॉलरांना अमेरिकेंत विक्रीस आली. साधारण नव्या गाडीच्या मानानें ही किंमत सुमारें एक तृतीयांश होती.

लोकांच्या उड्या पडल्या. १९८६ सालीं सुमारें छत्तीस हजार व १९८७ सालीं सुमारें एकोणपन्नास हजार यूगो खपल्या. पण १९८६ च्या फेब्रुवारींतच त्या ग्राहक-मासिकानें या गाडीवर कडक टीका केली. त्यापेक्षां एखादी चांगली वापरलेली गाडी घेणें बरें, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि खरी अडचण पुढेंच होती. यूगोच्या एंजिनांत झडपा आणि दट्टे यांची चाल एकमेकांशीं जुळविणारा एक दातेरी पट्टा असे. तो ४०,००० मैलांनंतर बदलावा अशी कारखान्याची सूचना होती. पट्टा तुटला तर चालत्या एंजिनांत दट्टे झडपांवर आदळत आणि एंजिन निकामी होई. आतां, जो मनुष्य सर्वांत स्वस्त म्हणून गाडी घेतो, तो कांहीं न बिघडतां दुरुस्तीवर पैसे खर्च करावयास नाखूष असणार हें उघड आहे. ही गोष्ट त्याला समजावून सांगणें, किंवा तो पट्टा वेळच्या वेळीं बदलून देण्याची सोय करणें, हें विकणाराचें काम होतें. तें पुरेसें झालें नाहीं. एंजिनें फुटूं लागलीं, जुन्या यूगोला कोणी विचारीना, आणि गाडीचें नांव थट्टेचा विषय झालें. १९८८ सालीं ब्रिकलिन आपला हिस्सा विकून बाहेर पडले. १९८९ च्या आरंभीं आयात करणाऱ्या कंपनीचें दिवाळें निघालें. १९९२ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघानें युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले आणि उरलासुरला व्यापारहि आटोपला. तोंपर्यंत १,४०,००० हून थोड्या अधिक गाड्या अमेरिकेंत गेल्या होत्या.

येथें न्यायबुद्धीनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही गाडी मुळांतच टाकाऊ होती असें म्हणतां येत नाहीं. स्वदेशांत तिनें कुटुंबेंच्या कुटुंबें वर्षानुवर्षें वाहिलीं, आणि नोव्हेंबर १९८०पासून नोव्हेंबर २००८ पर्यंत तिच्या जवळजवळ आठ लाख प्रती निघाल्या. तेथें तिचा स्वभाव जाणणारे मिस्त्री होते आणि भाग सहज मिळत. मुंबईकरांना हें निराळें सांगावयास नको. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतील पद्मिनी ही देखील फियाटच्याच घराण्यांतली. ती २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धांवली, ती कांहीं निर्दोष होती म्हणून नव्हे. तिचा प्रत्येक दोष नाक्यावरच्या मिस्त्रीला पाठ होता म्हणून. घरची माणसें सोडून एकटी परमुलखांत गेली, तेव्हां यूगो उघडी पडली.

कोणी म्हणेल, हें सारें गाडीच्या निकृष्टपणाचेंच फळ. त्यास उत्तर म्हणून कोरियाच्या ह्युंदाई कंपनीकडे पाहावें. यूगोच्या मागोमाग, १९८६ च्या आरंभीं, तिनें ‘एक्सेल’ ही गाडी ४,९९५ डॉलरांना अमेरिकेंत आणली आणि पहिल्याच वर्षीं १,६८,८८२ गाड्या विकून विक्रम केला. परंतु तिच्याहि तक्रारी वाढल्या, तिच्याहि नांवाची थट्टा झाली, आणि १९९८ पर्यंत विक्री सुमारें नव्वद हजारांवर घसरली. फरक पडला तो पुढें. ह्युंदाईनें गाड्यांची बनावट सुधारली आणि १९९८ च्या अखेरीस एंजिन व चाकांना गति देणारी यंत्रणा यांबद्दल दहा वर्षें किंवा एक लाख मैल अशी हमी जाहीर केली. या हमीचा अर्थ असा कीं, गाडी बिघडली तर भुर्दंड गिऱ्हाइकाला न पडतां कारखान्याला पडेल. ज्याच्या खिशाला चाट बसते तोच दोष काढण्यास झटतो. आज ती कंपनी त्या देशांत भक्कम पाय रोवून उभी आहे.

आपल्या महाराष्ट्रालाहि या व्यापाराचा अनुभव आहे. पुण्याजवळ पिंपरी येथें टाटांच्या कारखान्यांत बनणारी ‘इंडिका’ १९९८ च्या अखेरीस लोकांसमोर आली. आरंभीं तिच्याविषयीं पुष्कळ तक्रारी झाल्या. कारखाना जवळ होता, बोलणारे गिऱ्हाईक जवळ होतें. टाटांनीं दोष दूर करून २००१ सालीं सुधारलेली गाडी काढली आणि तिचा येथें उत्तम जम बसला. तीच गाडी २००३ सालीं ब्रिटनमध्यें रोव्हर कंपनीनें ‘सिटीरोव्हर’ या नांवानें विकण्यास घेतली. आरंभींची किंमत होती ६,४९५ पौंड. म्हणजे ज्या स्वस्ताईसाठीं गाडी एवढ्या दुरून आणली, ती गिऱ्हाइकाच्या वांट्याला फारशी आलीच नाहीं. तेवढ्या पैशांत अधिक नव्या घडणीच्या गाड्या तेथें मिळत होत्या. सिटीरोव्हरचा खप बेताचाच राहिला, आणि २००५ च्या एप्रिलांत रोव्हर कंपनीच बुडाली.

या सर्व कथांत नुकसान कोणाचें झालें हें विसरतां कामा नये. व्यापारी एका धंद्यांतून निघून दुसऱ्यांत शिरतो. मागें राहतो तो आयुष्यांतील पहिली नवी गाडी घेतलेला, थोड्या मिळकतीचा गृहस्थ. एंजिन फुटलें कीं त्याची स्वस्ताई क्षणांत महाग होते. आणि मागें राहतें क्रागुयेवात्ससारखें शहर. त्यानें डॉलरांच्या आशेवर आपली मेहनत लावली. पुढें १९९९ च्या युद्धांत त्याच कारखान्यावर बाँबहि पडले.

म्हणून परदेशची स्वस्त मोटार दारीं येईल तेव्हां किंमत जरूर विचारावी. पण तिच्याबरोबरच हेंहि विचारावें कीं, हिचे भाग कोठें मिळतात, हिला दुरुस्त करणारा किती अंतरावर आहे, आणि बिघाडाचा खर्च किती वर्षें कारखाना सोसणार आहे. फोक्सवॅगननें हीं उत्तरें गाडी विकण्यापूर्वीं तयार ठेविलीं, ह्युंदाईनें तीं ठेंच लागल्यावर दिलीं, आणि यूगोच्या विक्रेत्यांपाशीं तीं नव्हतींच.